पाईप खाली सोडून देऊ

आमच्याकडे एक मारुती ८०० आहे. १९९२ सालची. अण्णांनी घेतली तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होते, त्यामुळे नंबर एमएच-०४ चा. पुढे १ ऑगस्ट २०१४ ला पालघर स्वतःच जिल्हा झाला, गावातल्या नव्या गाड्यांवर एमएच-४८ दिसू लागले, पण आमची गाडी आपली अजून ठाणेकरच आहे. अण्णा गेले, गाडी राहिली. विकली असती तर भंगाराचे पैसे आले असते, आणि ते कुठे खर्च झाले हे महिन्याभरात आठवलेही नसते. म्हणून ठेवली.

जुनी गाडी म्हटली की लोकांच्या डोळ्यांसमोर लांबलचक ब्युइक आणि फेटा बांधून ती चालवणारे संस्थानिक येतात. सरकारचेही थोडेफार तसेच आहे. २०२१ च्या नियमाप्रमाणे 'व्हिंटेज' म्हणवून घ्यायला गाडी पन्नास वर्षांची लागते. आमची ना धड नवी ना मानाची म्हातारी. मधल्या वयाची नुसतीच जुनी गाडी. तिची कुणी रॅली काढत नाही आणि रस्त्यात बंद पडली तर मागचा हॉर्न वाजवायचा थांबत नाही.

तर झाले असे. गेल्या वर्षी पावसाळ्याआधी मी बॉनेट उघडून पाणी-तेल बघत होतो. मुलगी शेजारी उभी होती. तिने एका काळ्या रबरी नळीकडे बोट दाखवून विचारले, "बाबा, ही कुठे जाते?"

नळी टॅपेट कव्हरपासून निघत होती आणि इंजिनाच्या बाजूने खाली उतरून अधांतरी लोंबत होती. टोकाला तेलाचा काळा थेंब.

मी म्हणालो, "कुठेच नाही."

"मग आहे कशाला?"

आता या प्रश्नाचे उत्तर मला माहीत होते, हीच तर पंचाईत होती. मी काही गाडीतले न कळणारा माणूस नाही. तारापूर एमआयडीसीत मेंटेनन्समध्ये आयुष्य गेले. व्हॉल्व्ह, पंप, गॅस्केट यांच्याशी बायकोपेक्षा जास्त बोललो असेन. ती नळी तिथे का लोंबते आहे, कधीपासून, आणि ती तशी सोडायला कुणी 'हो' म्हटले, सगळे मला ठाऊक होते. 'हो' मीच म्हटले होते, २०११ साली, बोईसरच्या एका गॅरेजात.

तेव्हाची तक्रार साधी होती. टॅपेट कव्हरच्या कडेने तेल पाझरायचे. गॅस्केट बदलले, महिन्यात पुन्हा पाझरले. कधी कधी तेलाची दांडी आपोआप अर्धा इंच वर आलेली दिसायची. मिस्त्रीने बघितले, झाकण काढून तोंडावर हात धरला आणि म्हणाला, "साहेब, चेंबरमध्ये प्रेशर होतंय. तो पीसीव्ही जाम झालाय." मग क्षणभर विचार करून, "नवा कुठे शोधता? काढून टाकू, पाईप खाली सोडून देऊ. मस्त चालेल." मॅनिफोल्डला जिथे व्हॉल्व्ह बसतो ते भोक त्याने बोल्ट मारून बंद केले, पाईप खाली सोडला, आणि खरोखर गाडी मस्त चालली. तेल पाझरायचे थांबले. मी पन्नास रुपये वर दिले.

ज्यांना या पीसीव्ही प्रकाराशी कधी कर्तव्य पडले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. सिलिंडरमध्ये पेट्रोल जळते तेव्हा सगळा जोर पिस्टनवर येतो, पण पिस्टनच्या रिंगा कितीही घट्ट असल्या तरी थोडा वायू त्यांच्या फटीतून खाली, तेलाच्या चेंबरमध्ये निसटतोच. त्यात न जळलेले पेट्रोल असते, पाण्याची वाफ असते, आम्लेही असतात. याला वाट दिली नाही तर दाब वाढतो आणि तेल सापडेल त्या फटीतून बाहेर येते. शिवाय वाफ आणि आम्ल मिळून तेलाचा काळा चिखल होतो. फार जुन्या गाड्यांत उपाय सरळ होता. एक नळी खाली रस्त्याकडे काढून द्यायची, गाडी चालली की वाऱ्याच्या ओढीने वायू बाहेर. म्हणजे आमच्या मिस्त्रीने २०११ साली जे केले, तीच १९५० च्या आसपासची पद्धत होती.

मग लॉस एंजेलिस शहरात धुरके वाढले. लोकांचे डोळे चुरचुरू लागले. तिथे हागेन-स्मित नावाचा मूळचा डच रसायनशास्त्रज्ञ अननसाचा वास कशाने येतो ते शोधत होता. ते काम बाजूला ठेवून तो या धुरक्याच्या मागे लागला, आणि गाड्यांतून व कारखान्यांतून निघणाऱ्या वाफांवर ऊन पडून हे तयार होते असे त्याने दाखवून दिले. (अननसावरून धुरक्यावर! संशोधन ठरवून होत नाही ते असे.) पुढे मोजमाप झाले तेव्हा कळले, की गाडीतून बाहेर पडणाऱ्या न जळलेल्या हायड्रोकार्बनांचा साधारण पाचवा हिस्सा सायलेन्सरमधून येतच नाही, तो या खालच्या नळीतून येतो. १९६१ पासून कॅलिफोर्नियातल्या नव्या गाड्यांना आणि १९६३ पासून अमेरिकेत सगळीकडे ही नळी उलटी फिरवली गेली. रस्त्याकडे न सोडता परत इंजिनाच्या तोंडाशी, मॅनिफोल्डमध्ये. स्वतःचे निसटलेले स्वतःच पुन्हा ओढून घ्यायचे आणि जाळायचे. गाडीच्या प्रदूषणावरचा हा पहिला उपाय. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वगैरे मंडळी फार नंतर आली.

यात व्हॉल्व्ह लागतो तो किती वायू ओढायचा हे ठरवायला. आत एक छोटा दांडा आणि एक स्प्रिंग, बस. इंजिन जागच्या जागी चालू असते तेव्हा मॅनिफोल्डची ओढ जबरदस्त असते, तेव्हा दांडा ओढला जाऊन वाट अरुंद होते. ॲक्सिलरेटर दाबला की ओढ कमी होते, स्प्रिंग वाट मोकळी करते. आणि इंजिनाने उलटा भडका मारलाच तर दांडा मागे जाऊन वाट बंद, म्हणजे आग चेंबरपर्यंत जात नाही. अंगठ्याएवढी वस्तू, पण तीन कामे करते. चांगली आहे का बघायचे तर कानाशी धरून हलवायची. खुळखुळा वाजला पाहिजे.

असो. मी मुलीला एवढे सगळे सांगितले नाही. म्हणालो, आधी आहे तिथे जोडलेली असायची, मधे काढली. ती म्हणाली, "मग आता हा धूर कुठे जातो?" मी बॉनेट लावून टाकले.

त्या रात्री मला झोप लागली नाही याचे कारण गाडी नव्हती. 'पाईप खाली सोडून देऊ' हे वाक्य मी २०११ च्या आधीही ऐकले होते, थोड्या वेगळ्या शब्दांत.

आमच्या प्लँटमध्ये रिॲक्टरच्या डोक्यावरून एक व्हेंटची लाइन निघायची आणि स्क्रबरला जायची. स्क्रबर म्हणजे उंच नळकांडे, त्यात कॉस्टिकचे पाणी वरून खाली फिरत असते, आंबट वायू त्यात विरघळतो आणि वर निघते ती जवळपास साधी हवा. तत्त्व तेच, निसटलेले बाहेर जाऊ द्यायचे नाही. एका रात्रपाळीत या कॉस्टिकच्या पंपाचे सील गेले. बॅच अर्ध्यावर. ऑपरेटर आला आणि म्हणाला, "साहेब, बायपासला टाकू का? सकाळपर्यंत काय होतंय." बॅच थांबवली असती तर सकाळी वरून विचारणा, माल खराब झाला तर त्याचा हिशेब. मी घड्याळ बघितले. दोन वाजले होते. म्हणालो, टाक. लॉगबुकात लिहिले: 'स्क्रबर पंप सील लीक, दुरुस्ती चालू.' यातला एकही शब्द खोटा नाही. बायपासचा उल्लेख नाही, एवढेच.

चार तास ती लाइन आकाशात उघडी होती. रात्री वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, म्हणजे कुंभवली, कोलवडे, नवापूर या बाजूला. उन्हाळ्यात तिथे लोक अंगणात झोपतात. दुसऱ्या दिवशी कुणी तक्रार केली की नाही मला माहीत नाही, कारण मी चौकशी केली नाही. सकाळी सातला सुटलो, झोपून उठलो आणि संध्याकाळी बोईसर स्टेशनबाहेर चार मित्रांबरोबर चहा पिताना 'काय हो ही रात्रीची घाण, या कंपन्यांना कुणी विचारणारे नाही' असे कुणी म्हणाले तेव्हा मीही मान डोलावली.

तारापूरची हवा-पाण्याची अवस्था काय आहे हे आमच्या इथल्या लहान मुलालाही सांगावे लागत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ साली देशातल्या औद्योगिक पट्ट्यांची जी गुणांकवार यादी केली, तीत तारापूर ९३.६९ गुण मिळवून पहिले आले होते. शाळेत इतके गुण मिळाले असते तर गावाने हत्तीवरून साखर वाटली असती. मांगेला समाजाच्या परिषदेने मासेमारीचे झालेले नुकसान राष्ट्रीय हरित लवादापुढे मांडले, २०२२ साली लवादाने भरपाईचे आदेश दिले, ते सगळे पेपरांत आले. मी ते वाचताना नेहमी 'त्या कंपन्या' असेच वाचले. ऑपरेटरला 'टाक' म्हणणारा माणूस त्या बातम्यांत मला कधी दिसला नाही.

म्हणून व्हॉल्व्ह बसवायचा असे ठरवले. त्याने कोलवड्याच्या लोकांची भरपाई होते असे मी म्हणत नाही, तेवढा दुधखुळा नाही मी. पण जे आपल्या हातात आहे आणि ज्याची किंमत दोघांच्या मिसळीएवढी आहे, ते तेरा वर्षे न करता जगाला नावे ठेवायची याची मला लाज वाटली.

बोईसरच्या पहिल्या दुकानदाराने नाव ऐकूनच मान हलवली. दुसऱ्याने एक व्हॉल्व्ह काढून दिला, दिसायला सारखा, पण दुसऱ्या मॉडेलचा. "बसतो, बसतो" म्हणाला. बसला असताही, पण आतले भोक वेगळे असले की ओढ वेगळी होते, मग इंजिन जागच्या जागी थरथरते. शेवटी रविवार सोडून एका वारी डहाणू-चर्चगेट लोकल पकडली. २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली हे आम्हा लोकांवरचे एक मोठे उपकार, पूर्वी विरारला बदलताना निम्मा जीव जायचा. ग्रँट रोडला उतरून ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत चौथ्या काउंटरवर मिळाला. काउंटरवरच्या वयस्क गृहस्थांनी न बघता फळीवरून काढला, कानाशी नेऊन खुळखुळवला आणि माझ्या कानाशीही धरला. नवी नळी आणि रबरी ग्रोमेटही घेतले, कारण जुने रबर दगडासारखे झालेले असणार याची खात्री होती.

बसवायला गेलो त्याच मिस्त्रीकडे. आता तोही पिकला आहे. मी सांगितले तेव्हा हसला. "चालत्या गाडीला कशाला हात लावता साहेब?" हे वाक्यही मी कारखान्यात हजारदा ऐकले आहे. तरी त्याने मॅनिफोल्डचा बोल्ट काढला. गंजून बसला होता, अर्धा तास गेला. टॅपेट कव्हर उतरवून रॉकेलने धुतले, आतून काळी साय निघाली, काजळासारखी. व्हॉल्व्ह बसला, नळी बसली. गाडी चालू केली आणि ती आधीपेक्षा वाईट चालली!

मिस्त्रीने माझ्याकडे 'बघा' अशा नजरेने बघितले. पण ते अपेक्षितच होते. या वाटेने जो वायू आत येतो तो कार्बोरेटरच्या हिशेबात धरलेला असतो. तेरा वर्षे ही वाट बंद होती आणि तेवढ्या काळात जितक्या वेळा ट्यूनिंग झाले ते बंद वाटेचा हिशेब धरूनच. आता वाट उघडली तर मिश्रण पातळ झाले. पुन्हा स्क्रू फिरवून, कान लावून, मिस्त्रीने पाऊण तास घालवला. मग मी तेलाचे झाकण काढून त्या तोंडावर पावतीचा पातळ कागद ठेवला. कागद चिकटून बसला, आत ओढला जात होता. मिस्त्रीने तो काढून पुन्हा ठेवला. पुन्हा चिकटला. तिसऱ्यांदा त्याने पोराला हाक मारून दाखवला.

आता माझे मत, ज्यासाठी एवढे पुराण लावले.

जुन्या गाड्यांविषयी आपल्याकडे जे काही ठरते ते वयावर ठरते. दिल्लीत पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांच्या बंदीवर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले, ते वय मोजूनच. आपल्याकडे जुन्या गाड्यांना पर्यावरण कर आहे. पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी १०,०००. आमच्या गाडीची पुढची खेप २०२७ ला आहे. पैसे घ्या, माझी तक्रार नाही. कार्बोरेटरची गाडी आहे, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही, आजच्या बीएस-६ गाडीच्या शेजारी उभी राहिली तर ती जास्त घाण करणारच. आठवड्यातून एकदा केळव्यापर्यंत जाते म्हणून तिचे पाप धुतले जात नाही. तिच्यात माझा स्वार्थ आहे, अण्णांचा हात स्टिअरिंगवर दिसतो, हे सगळे कबूल.

पण एक गोष्ट बघा. पाईप खाली लोंबत असताना तेरा वर्षे ही गाडी दर वेळी पीयूसी पास झाली. जुन्या चारचाकी पेट्रोल गाडीला मर्यादा कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि हायड्रोकार्बन १५०० पीपीएम, आमची नेहमी आत. पीयूसीवाला नळी सायलेन्सरमध्ये घालतो, आकडा येतो, फोटो निघतो, प्रमाणपत्र मिळते. पुढे इंजिनाखाली दुसरी नळी उघड्यावर श्वास सोडते आहे, तिच्याकडे कुणी वाकून बघत नाही. व्हॉल्व्ह बसवल्यावर मी मुद्दाम पुन्हा पीयूसी केली. आकडे जवळपास तेच! म्हणजे मी केलेली चोरी कागदावर दिसली नव्हती आणि मी केलेली दुरुस्तीही दिसली नाही.

माझ्या मते बॉनेट उघडून दोन मिनिटे बघायची सक्ती हवी. नळ्या जागेवर आहेत का, व्हॉल्व्ह आहे की बोल्ट, झाकणावर कागद चिकटतो का. याला यंत्र लागत नाही. दहा वर्षांची गाडीही यात नापास होऊ शकेल आणि तीस वर्षांची पास. यावर लोक म्हणतील, इतके बघणार कोण, आणि बघायला ठेवलेला माणूस शंभर रुपयांत डोळे मिटेल. खरे आहे. वय मोजायला प्रामाणिकपणा लागत नाही, कागदावर तारीख असते, म्हणून सरकारला ते सोपे. कारखान्यांचेही असेच आहे. चिमणी मोजतात. बायपासचा व्हॉल्व्ह रात्री दोनला कोणत्या बाजूला वळलेला आहे हे चिमणीवरून कळत नाही.

तारापूरच्याच अणुवीज केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झालेल्या. २०२० पासून त्या बंद ठेवून जुने पाइप बदलण्यासारखे मोठे काम काढले गेले. तिथे नुसते वय धरून निकाल लावला नाही, आत उतरून काय झिजले ते बघितले. तिथे पैसा आहे, माणसे आहेत, हे मान्य. पण पद्धत तीच असते हो, अणुभट्टी असो की मारुती.

काढलेला जुना व्हॉल्व्ह मिस्त्रीच्या डब्यात तेरा वर्षांनी सापडला, तो काहीच टाकत नाही. मी हलवून बघितला. आवाज नाही. रॉकेलमध्ये रात्रभर ठेवला तरी नाही.

परवा एअर फिल्टर घ्यायला गॅरेजात गेलो होतो. एक जुनी ओम्नी उभी होती, बॉनेट तर ओम्नीला नसतेच, सीट उचलून मिस्त्री आत वाकला होता. मला बघून म्हणाला, "हिचाही पाईप मीच सोडलाय खाली. सात-आठ वर्षं झाली." मग ऑपेरा हाउसचे दुकान नेमके कुठे ते विचारून घेतले, खडूने भिंतीवर लिहूनही ठेवले. गिऱ्हाईक बाजूला मोबाइलवर बोलत होते, शाळेच्या मुलांची ने-आण करणारा माणूस. मिस्त्रीने त्याला समजावले, कागद चिकटतो वगैरे सगळे सांगितले, माझ्यापेक्षा चांगले सांगितले.

"किती दिवस गाडी उभी राहील?" त्याने विचारले.

"दोन दिवस धरा."

"मग राहू दे आता," तो म्हणाला. "सुट्टीत बघू."